बॅकअपच्या आधीचा बॅकअप

कॉम्प्युटर बिघडला की चौकशीला येणारा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "बॅकअप होता ना?" त्या सुरात आपल्याविषयी कळकळ कमी आणि 'नसणारच' ही खात्री जास्त असते. अशा माणसाला उलट विचारून बघावं, "तुमचा आहे का?" तो ताबडतोब घड्याळात बघतो. बँकेतले, कॉलेजातले, खुद्द कॉम्प्युटर दुरुस्त करून पोट भरणारे, सगळ्यांना मी हा प्रश्न विचारून पाहिलाय. सगळ्यांना त्याच वेळी कुठेतरी जायचं असतं.

जगाला ही सवय लागावी म्हणून २०११ पासून ३१ मार्च हा 'जागतिक बॅकअप दिन' म्हणून पाळला जातो. त्यातली खोच अशी की दुसऱ्याच दिवशी एप्रिल फूल, तेव्हा आदल्या दिवशीच शहाणे व्हा. आपल्याकडे ही खोच वाया जाते, कारण ३१ मार्चला आपल्याकडे मार्च एण्ड असतो. त्या दिवशी माणूस एकतर सीएकडे असतो, नाहीतर बँकेत 'सर्व्हर डाऊन' या पाटीसमोर उभा असतो. शहाणपणाला वेळ कुठला?

माझ्यावर ही वेळ आणली विंडोजने. विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली आणि माझा हिंजवडीतला भाचा अकराच्या मागे लागला. हा भाचा 'क्लाऊड'मध्ये काम करतो. म्हणजे नक्की काय करतो, हे त्याच्या आईला अजून सांगता येत नाही. ती स्थळं बघताना "पावसापाण्याचं नाही हो, कॉम्प्युटरचंच" एवढं सांगून पुढे सरकते.

"मामा, अकरावर जायच्या आधी डिस्कची इमेज घेऊन ठेव," भाचा म्हणाला.

"फायली कॉपी केल्या की झालं ना?"

"फायली येतील रे. तुझा तो मराठी फॉन्टवाला प्रोग्राम येईल का?"

हे मात्र वर्मावर बोट होतं. युनिकोड येऊन जमाना झाला, पण माझे जुने लेख आहेत त्याआधीच्या फॉन्टमध्ये. त्या प्रोग्रामची सीडी घर बदलताना गेली. तो बसवून देणारा गृहस्थ कॉम्प्युटर सोडून गावी आंब्याची कलमं लावतोय आणि फोन केला की हापूसचे भाव सांगतो. तो प्रोग्राम नसलेल्या मशीनवर माझे लेख उघडले, तर ते रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि डोक्यावर दोन-दोन टिंबं असलेले 'यू' अशा रूपात दिसतात. काही वाचकांच्या मते ते तसेच बरे आहेत.

डिस्क इमेज म्हणजे नुसती फायलींची नक्कल नव्हे, हे मला तेव्हा समजलं. विंडोज, प्रोग्राम, त्यांच्या बारीकसारीक सेटिंग, मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी वाचला जाणारा बूटचा भाग, सगळं सगळं एका गठ्ठ्यात बांधलं जातं. उद्या डिस्क मेली, तर नव्या डिस्कवर तो गठ्ठा सोडायचा. मशीन जिथे होतं तिथून पुढे चालू होतं, रिसायकल बिनमधल्या कचऱ्यासकट.

हा प्रकार नवा नाही. नव्वदच्या दशकात न्यूझीलंडमधल्या मरे हॅझर्ड नावाच्या गृहस्थाने 'घोस्ट' लिहिलं आणि १९९८ साली सिमँटेकने ते विकत घेतलं. आपल्याकडे ते विकत किती जणांनी घेतलं हा प्रश्न विचारू नये. सायबर कॅफेच्या काळात कुठल्याही दुखण्यावर कॉम्प्युटरवाल्या मुलाचं एकच औषध असायचं, "साहेब, घोस्ट मारून देतो." अर्ध्या तासात मशीन लख्ख. फक्त त्यावर कुणा तिऱ्हाइताचा वॉलपेपर असायचा आणि मालकाच्या नावाच्या जागी त्या मुलाच्या पहिल्यावहिल्या गिऱ्हाइकाचं नाव. माझं एक मशीन पुढची कित्येक वर्षं एका मेडिकल स्टोअरच्या नावावर होतं.

तर इमेज घ्यायची ठरली. आता कशाने घ्यायची? विंडोजमध्येच एक सोय असल्याचा शोध मला लागला. कंट्रोल पॅनेलमध्ये ती 'बॅकअप अँड रिस्टोअर (विंडोज ७)' या नावाने, कंसासकट नांदते. मशीन दहाचं, जायचंय अकराकडे, आणि दारावर पाटी सातची. मायक्रोसॉफ्टने २०१७ सालीच तिच्यातली इमेज घ्यायची सोय निकालात काढली आणि लोकांना दुसऱ्यांची सॉफ्टवेअर वापरायला सुचवलं. पण तिला बाहेर काढायची हिंमत त्यांनाही झालेली दिसत नाही. बसवलेली गोष्ट काढणं किती अवघड असतं, याचा अंदाज मला इथेच यायला हवा होता.

मग एका नामांकित सॉफ्टवेअरची तीस दिवसांची ट्रायल उतरवून घेतली आणि इन्स्टॉलच्या बटणावर बोट ठेवणार, तेवढ्यात भाच्याचा फोन.

"थांब. आधी एक इमेज घेतलीस का?"

"त्यासाठीच तर हे टाकतोय."

"हो, पण हे टाकताना काही झालं तर? ही सॉफ्टवेअर डिस्कच्या अगदी मुळाशी जातात. त्याच्या आधीची इमेज हवी."

"ती कशाने घेऊ?"

"दुसऱ्या सॉफ्टवेअरने."

"आणि ते दुसरं टाकताना काही झालं तर?"

फोनवर बराच वेळ शांतता होती. क्लाऊडमध्ये या प्रश्नाची तरतूद नसावी.

मग त्याने व्हर्च्युअल मशीनचा तोडगा काढला. कॉम्प्युटरच्या आत एक खोटा कॉम्प्युटर तयार करायचा, त्यात हवी ती सॉफ्टवेअर टाकायची आणि वाटोळं झालं तर तो खोटा कॉम्प्युटर पुसून टाकायचा. मी केला. त्यात नवं कोरं विंडोज टाकलं, ट्रायल टाकली, इमेज घेतली, सगळं पुसलं, परत आणलं. एकदाही अडलं नाही. ज्या कॉम्प्युटरमध्ये काहीही नाही तो संपूर्णपणे वाचवता येतो, हे मी निर्विवाद सिद्ध केलं. अर्थात खऱ्या लॅपटॉपचं बूट, त्याची डिस्क, त्याचे जुने राग हे काही तिथे तपासले जात नाहीत. पण बटणं कुठे असतात हे कळलं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मी कॉम्प्युटर मोडायला घाबरलो नाही.

खऱ्या लॅपटॉपसाठी शेवटी क्लोनझिला ठरलं. ही तैवानमधल्या एका सरकारी संगणन केंद्रात तयार झालेली फुकट वस्तू आहे. तिचा मोठा गुण म्हणजे ती इन्स्टॉल होतच नाही. पेनड्राइव्हवर टाकायची, लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून सुरू करायचा, काम झालं की पेनड्राइव्ह उपटायचा. येण्याआधीच जाण्याची व्यवस्था. या पद्धतीचा मला मनापासून आदर वाटतो.

मात्र पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करणं हा वेगळा विषय आहे. त्यासाठी मशीन सुरू होताना एक विशिष्ट बटण क्षणभरात दाबावं लागतं. ते कुठलं, यावर कंपन्यांचं एकमत नाही. कुणाचं एफ१२, कुणाचं एफ९, कुणाचं एफ२, कुणाचं डिलीट, कुणाचं एस्केप. मी सगळीच दाबली, आलटून पालटून आणि मग एकदम.

"अहो, तो कीबोर्ड मोडेल!" बायको आतून म्हणाली.

"मोडू दे, त्याचा बॅकअप लागत नाही."

शेवटी आतल्या सेटिंगमध्ये शिरलो. नेटवर एकाने 'सिक्युअर बूट बंद करा' असं लिहिलं होतं, ते केलं. पेनड्राइव्ह दिसेना म्हणून विंडोज पुन्हा सुरू केलं, तर निळ्या पडद्यावर प्रश्न: बिटलॉकरची रिकव्हरी की द्या. ४८ आकडी. सहा-सहाचे आठ गट. माझ्या लॅपटॉपवर बिटलॉकर आहे, हे मला त्या क्षणी प्रथम कळलं. कुणीतरी सुरक्षा म्हणून माझी डिस्क केव्हाच कुलूपबंद करून ठेवली होती आणि मला सांगायचं राहिलं होतं.

ती किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, म्हणे. खात्याचा पासवर्ड लॅपटॉपमध्ये. खात्याने ओटीपी पाठवला तो लेकीच्या फोनवर, कारण खातं तिने उघडून दिलं होतं. लेक ऑफिसच्या मीटिंगमध्ये. तिने बाहेर येऊन ओटीपी सांगितला तेव्हा त्याची वेळ संपली होती. दुसरा ओटीपी तिने आत बसूनच कुजबुजत सांगितला, त्यामुळे तिच्या बॉसलाही तो आता माहीत आहे. मग बायको आकडे वाचतेय, मी भरतोय.

"तीन आठ सात..."

"तीनदा आठ आणि सात?"

"तीन. आठ. सात. चष्मा कुठाय तुमचा?"

ते पान छापून मी गोदरेजच्या कपाटात एफडीच्या पावत्यांखाली ठेवलं. नुसत्या सॉफ्टवेअरची ट्रायल घेताना ही एक खरोखर कामाची गोष्ट हाताला लागली, हे कबूल केलं पाहिजे. ती किल्ली हातात असल्याशिवाय असल्या सेटिंगला हात लावू नये, हे मी आता वराती, बारशी, जिथे जाईन तिथे सांगतो.

पुढची अडचण डिस्कची. इमेज ठेवायला बाहेरची डिस्क हवी म्हणून लॅमिंग्टन रोडला गेलो. दुकानदाराला म्हटलं, "माझ्याकडे एक आहे, अगदी तश्शीच द्या." वस्तू जोडीने घेण्याची आपली सवय. त्याने दिली. त्याच कंपनीची, त्याच रंगाची, तेवढ्याच एक टीबीची. (विंडोजमध्ये ती ९३१ जीबी दिसते. कंपनी हजाराच्या हिशेबाने विकते आणि विंडोज १०२४ च्या हिशेबाने मोजतं. मधला फरक आपला.) घरी येऊन दोन्ही जोडल्या तेव्हा उमगलं की एकीत वीस वर्षांचे फोटो आहेत, दुसरी रिकामी आहे, आणि क्लोनझिलाच्या काळ्या पडद्यावर एक आहे 'एसडीए' आणि दुसरी 'एसडीबी'. कुठली कुठली हे सांगायला पडद्यावर कुणी नाही. चुकीच्या नावावर एंटर दाबला की लेकीचं लग्न पुसलं गेलं असतं.

डिस्कवर नावं चिकटवायचं ठरलं. घरात लेबलं होती फक्त मसाल्याच्या डब्यांची, तीही आधीच छापलेली. फोटोंच्या डिस्कला 'जिरे' लावलं, इमेजच्या डिस्कला 'धणे'. मग जिरे उपटून कपाटात ठेवलं आणि नुसतं धणे जोडलं. जे जोडलेलंच नाही ते पुसलं जात नाही, हा या शास्त्रातला मला सर्वांत पटलेला नियम.

धण्यात इमेज गेली. आता ट्रायलला मैदान मोकळं.

ट्रायलचं सॉफ्टवेअर आलं तेच मुळी राहायला आल्याच्या थाटात. घड्याळाशेजारी एक हिरवी ढाल उभी राहिली आणि 'तुमचा संगणक सुरक्षित आहे' असं म्हणू लागली. अजून एक बाइटसुद्धा कुठे ठेवलेला नव्हता. रोज दुपारी, नेमका लेखाचा शेवट सुचत असताना, ती इमेज घ्यायला लागायची. लॅपटॉपचा पंखा गरगरायचा, टाइप केलेलं अक्षर सावकाश उमटायचं. 'आत्ता नको' म्हटलं की ढाल पिवळी व्हायची. पिवळी ढाल बघवत नाही म्हणून मी दुपारचं लिहिणंच बंद केलं.

'इमेज तपासा' असंही एक बटण होतं. ते मी दाबलं नाही. कुणीच दाबत नाही. बॅकअप घेण्यात एक पुण्य आहे. तो परत येतो का हे बघण्यात नुसती धास्ती. मोठ्यांचंही हेच. १९९८ साली पिक्सारमध्ये 'टॉय स्टोरी २' चं काम चालू असताना कुणाच्या तरी हातून चुकीची आज्ञा गेली आणि चित्रपटाच्या फायली भराभर नाहीशा व्हायला लागल्या. बॅकअप बघितला, तर तोही धड नाही. सिनेमा वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्र-दिग्दर्शिकेमुळे. लहान बाळामुळे ती घरून काम करायची आणि तिच्या घरच्या मशीनवर एक प्रत होती. ते मशीन ब्लँकेटात गुंडाळून मोटारीतून आणलं. २०१७ च्या ३१ जानेवारीला गिटलॅबच्या एका अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसला, तेव्हा बॅकअपच्या पाच तऱ्हांपैकी एकही धड कामाला येईना. सुमारे सहा तासांचा डेटा गेलाच. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, हा मोठेपणा. भाच्याला मी हे ऐकवलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे तू पिक्सारच्या बरोबरीचा झालास." मला बरं वाटलं.

तीस दिवस भरत आले आणि सॉफ्टवेअरने पैशांचा विषय काढला. वर्षाची वर्गणी. मी अनइन्स्टॉलकडे वळलो. 'आम्हाला का सोडून जात आहात?' असा फॉर्म आला. मी कारण लिहिलं. मग 'खरंच?' असं विचारणारा दुसरा आला. मग मशीन बंद-चालू झालं आणि सुरू होतानाच पडद्यावर तीन सेकंद त्याच सॉफ्टवेअरची पाटी: रिकव्हरीसाठी एफ११ दाबा.

लीव्ह अँड लायसन्सचा अकरा महिन्यांचा करार संपवून गेलेला भाडेकरू घर सोडतो, पण लेटरबॉक्सवर त्याचं नाव राहतं, गॅसचं कार्ड त्याच पत्त्यावर असतं आणि वर माळ्यावर त्याची एक ट्रंक निघते, तशातली गत. डिस्कवर एक लपवलेला कप्पा शिल्लक होता. टास्क शेड्युलरमध्ये दुपारची वेळ अजून लागलेली. आणि खरी मेख रजिस्ट्रीत. चालू विंडोजमधून डिस्क टिपायची, तर असली सॉफ्टवेअर विंडोज आणि डिस्कच्या मधोमध स्वतःचा ड्रायव्हर बसवतात आणि 'अपरफिल्टर्स' नावाच्या यादीत त्याचं नाव घालतात. यादीत नाव आहे आणि ड्रायव्हरची फाईल जागेवर नाही, अशी वेळ आली तर विंडोज त्या फाईलसाठी अडून बसतं आणि सुरूच होत नाही. म्हणून अशा वेळी हाताने काही उपटू नये. ज्याने बसवलं त्याच्याच साफसफाईच्या साधनाने काढावं. भाच्याने हे मला नीट समजावलं होतं.

शेजारच्या काकांना कुणी समजावलं नव्हतं. काका निवृत्त आहेत आणि 'रजिस्ट्री साफ करून देणं' हे त्यांचं समाजकार्य आहे. सोसायटीच्या ऑफिसचा कॉम्प्युटर त्यांनी साफ केल्यापासून प्रिंटर सगळ्या नोटिसा आडव्या छापतो. मी चहा आणायला आत गेलो आणि काका खुर्चीत बसले.

"काही नाही, त्या कंपनीच्या एक-दोन फायली पडून होत्या आत, सिस्टिमच्या फोल्डरमध्ये," कप घेत काका म्हणाले, "उडवून टाकल्या. आता रिस्टार्ट कर."

केला. निळा पडदा. 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'.

"हा तुझ्या हार्ड डिस्कचा प्रॉब्लेम दिसतोय," असं निदान करून काका बिस्किट संपवून गेले.

मग धणे काढलं. क्लोनझिलाने पेनड्राइव्हवरून डोळे उघडले. नव्या फायली लॅपटॉपवरून आधी वाचवून घेतल्या (आणखी एक पेनड्राइव्ह, आणि पुन्हा तीच ४८ आकडी वाचनमाला) आणि रिस्टोअरची आज्ञा दिली. क्लोनझिला विचारतं: यावर असलेलं सगळं पुसलं जाईल, तुम्हाला नक्की पुढे जायचंय? मी 'वाय' दाबलं. त्यावर ते म्हणतं, पुन्हा एकदा विचारतो, नक्की?

"दोनदा विचारतंय?" बायको मागे उभी राहून बघत होती. "लग्नात तुम्हाला कुणी एकदा तरी विचारलं होतं का?"

मी दुसऱ्यांदा 'वाय' दाबलं.

दीड-दोन तासांनी लॅपटॉप उठला. ढाल नाही, एफ११ ची पाटी नाही, लपलेला कप्पा नाही, अपरफिल्टर्सच्या यादीत परका कुणी नाही. ते सॉफ्टवेअर आलंच नव्हतं असं झालं. बॅकअपचं सॉफ्टवेअर मुळापासून काढायचा खात्रीचा उपाय म्हणजे ते टाकण्याआधी दुसऱ्या सॉफ्टवेअरने घेतलेला बॅकअप. आता ज्याच्याजवळ तो आधीच आहे त्याला पहिलं सॉफ्टवेअर कशाला हवं, हा प्रश्न मी भाच्याला विचारला. तो म्हणाला, रेंज जातेय.

महिनाअखेरच्या सोसायटीच्या मीटिंगला मी ही हकिकत सांगितली, सोसायटीचे हिशेबही याच लॅपटॉपवर असतात म्हणून. ऐकणारे मोबाइलमध्ये होते. तेवढ्यात मागच्या रांगेतले एक सभासद, जे मेंटेनन्सचा विषय निघाला की एरवी पाणी प्यायला उठतात, ते पुढे सरकून बसले.

"म्हणजे इमेज परत टाकली की मधल्या काळात जे झालं ते न झाल्यासारखं होतं?"

"हो. त्या कॉम्प्युटरपुरतं."

"आणि आमच्या थकबाकीचा हिशेब त्याच कॉम्प्युटरवर आहे?"

"त्यावरच."

त्यांनी शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याचीही चार तिमाह्यांची बाकी होती.

"चेअरमनसाहेब, आमच्या बाजूने ठराव लिहून घ्या. सोसायटीच्या खर्चाने हे सॉफ्टवेअर घ्यावं, वर्गणी भरून. आणि सेक्रेटरीसाहेब, दोन-तीन वर्षांपूर्वीची एखादी इमेज निघते का तेवढं बघा."

अनुमोदनाला चार हात वर आले. त्यात एक काकांचा होता; रिस्टोअर आपण फुकट करून देऊ, असं ते म्हणाले.